फोटोतली फूटपट्टी

विमानातून काढलेल्या फोटोंवरून नकाशे करण्यात माझी एकतीस वर्षं गेली. एकाच टेकडीचे दोन बाजूंनी घेतलेले दोन फोटो यंत्रात लावायचे, डोळे चुरचुरेपर्यंत भिंगातून बघायचं आणि उंचीच्या रेषा ओढायच्या. निवृत्तीनंतर एका संग्रहालयाला जुन्या भांड्यांचे फोटो मोजून देते. गेल्या अंकात याच सदरात ‘फोटोवरून माप कसं काढतात, विचारा’ असं ओझरतं लिहून गेले आणि पत्रांचा ढीग आला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. निवडक पत्रं घेतली आहेत, आणि त्यातल्या पहिल्यावर जरा जास्तच वेळ घालवला आहे, कारण ते मला आवडलं.

प्रश्न : आजोबांचा एकच फोटो आमच्याकडे आहे. पुढे सायकल उभी, तिच्या थोडे मागे आजोबा, आणि मागे तिरकी जाणारी भिंत, खिडक्यांची रांग. सायकलचं चाक २८ इंची होतं, म्हणजे ७१ सेंटिमीटर, हे आत्या खात्रीनं सांगते. फोटो स्कॅन करून मोजला. चाकाची उंची १४.२ मिलिमीटर, आजोबांची ३०.४. त्रैराशिक मांडलं तर आजोबा १५२ सेंटिमीटरचे निघतात. आत्या म्हणते, ‘बाबा चांगले उंच होते, तुझंच काहीतरी चुकतंय.’ कोण बरोबर?

उत्तर : आत्या बरोबर आहेत.

तुमच्या त्रैराशिकात चूक नाही. चूक त्याच्या आधी झाली आहे. चाक आणि आजोबा कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर आहेत असं तुम्ही न बोलता धरून चाललात. वस्तू दुप्पट लांब गेली की फोटोत निम्मी दिसते. सायकल चार मीटरवर आणि आजोबा साडेचार मीटरवर असतील, तर चाकाचं माप आजोबांना लावताना त्यांना नऊ भागांतला एक भाग कमी मिळतो. आजोबा दीडशेवर आले ते असे.

पण ही अंतरं आता कुठून आणायची? फोटो काढणारा नाही, जागाही बहुधा बदलली असेल. सुदैवानं अंतर न कळताही हे सुटतं. तुम्ही पाठवलेल्या प्रतीवर मी काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला मूळ फोटोवर पुन्हा करून बघता येईल.

फोटोवर ट्रेसिंग कागद ठेवा. (मूळ प्रिंटवर पेन्सिल टेकवलीत तर पुढचं पत्र पाठवू नका.) तिरक्या भिंतीवरच्या खिडक्यांच्या वरच्या कडा एका रेषेत पुढे वाढवा, मग खालच्या कडा वाढवा. प्रत्यक्षात या रेषा जमिनीला समांतर आहेत, फोटोत मात्र त्या एका बिंदूकडे धावतात. त्या बिंदूतून आडवी रेषा ओढा. ती क्षितिजरेषा. समोर भिंत असल्यामुळे क्षितिज दिसत नसलं तरी ते तिथंच आहे.

आता गंमत बघा. क्षितिजरेषा म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगाची उंची. जमीन सपाट असेल, तर त्या जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक वस्तूला ही रेषा त्याच एका उंचीवर छेदते, मग वस्तू चार मीटरवर असो की चाळीस. भिंग जमिनीपासून सव्वा मीटरवर असेल, तर जवळच्या माणसाला, लांबच्या माणसाला, विजेच्या खांबाला, सगळ्यांना ती जमिनीपासून सव्वा मीटरवरच कापणार.

तुमच्या फोटोत चाकाच्या तळापासून क्षितिजरेषेपर्यंत २२ मिलिमीटर भरतात. तिथं १४.२ मिलिमीटर म्हणजे ७१ सेंटिमीटर, म्हणून २२ मिलिमीटर म्हणजे ११०. भिंग जमिनीपासून ११० सेंटिमीटरवर होतं. हा आकडा आला तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले. पोटाशी धरून वरून डोकावायचे जुने पेटी कॅमेरे बरोबर याच उंचीवर असत. काढणाऱ्यानं कॅमेरा डोळ्याला लावला असता तर रेषा दीड मीटरच्या आसपास गेली असती.

आता आजोबांकडे या. त्यांचे पाय चाकाच्या तळापेक्षा फोटोत सुमारे अडीच मिलिमीटर वर आहेत, म्हणजे ते मागे उभे आहेत हे तिथंच कळतं. पायांपासून क्षितिजरेषेपर्यंत १९.६ मिलिमीटर, आणि ते म्हणजे तेच ११० सेंटिमीटर. पायांपासून डोक्यापर्यंत ३०.४ मिलिमीटर. हिशेब केला तर १७१ सेंटिमीटरच्या जवळपास येतात.

एक शंका तुमच्या मनात येईल की सायकल जरा तिरकी उभी आहे, चाक अंडाकृती दिसतं, मग माप घ्यायचं कुठून? उभं घ्यायचं. चाक डावी-उजवीकडे वळलं की त्याची रुंदी दबते, उंची नाही. तुम्ही नकळत बरोबर केलंत.

बुटाच्या टाचेचे दोन-तीन सेंटिमीटर वजा करायला मात्र विसरू नका. आणि एकच आकडा उराशी धरून बसू नका. चाक मोजताना अर्ध्या मिलिमीटरची गफलत झाली तर आजोबा सहा सेंटिमीटरनी खाली-वर होतात. इंचाला १२०० ठिपक्यांनी स्कॅन करा, मग एक ठिपका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असेल आणि मोजमाप नीट होईल. आत्याबाईंना तोवर ‘१६६ ते १७२ च्या मध्ये कुठेतरी’ असं सांगा. त्यांना तेवढं पुरेल, असं पत्रावरून वाटतं.

प्रश्न : मित्रानं मासेमारीचा फोटो पाठवला आहे. हातातला मासा त्याच्या दोन्ही खांद्यांहून कितीतरी रुंद दिसतो. तो मीटरभर असल्याचं सांगतो. खरं असेल?

उत्तर : फोटो काढताना त्यानं हात पुढे ताणले आहेत का, ते बघा. कोपरं सरळ असतील तर मासा छातीपासून साठ सेंटिमीटर पुढे आला. कॅमेरा छातीपासून सव्वा मीटरवर असेल, तर मासा जवळजवळ दुप्पट मोठा दिसणार. हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. पण मित्राची फजिती करायची तर ‘तू हात पुढे केलेस’ एवढ्यावर भागत नाही, आकडा लागतो.

आकडा त्याच्या बोटांत आहे. खांदे माशाच्या मागे आहेत, पण मासा धरणारी बोटं माशाबरोबर पुढेच आलेली आहेत. मोठ्या माणसाच्या अंगठ्याची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर. माशाच्या लांबीत किती अंगठे बसतात ते मोजा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला तेवीस बसले, म्हणजे शेहेचाळीस सेंटिमीटर. मासा वाईट नाही, पण मीटर बराच लांब राहिला.

जाता जाता, स्कॉटलंडमधल्या लॉक नेस तळ्यातल्या ‘राक्षसा’चा १९३४ सालचा प्रसिद्ध फोटो आठवा, पाण्यातून वर आलेली लांब मान. वर्तमानपत्रात छापताना तो कातरून मोठा केला होता. न कातरलेल्या प्रतीत भोवतालचं बरंच पाणी दिसतं, आणि त्या पाण्यावरच्या बारीक लाटांशेजारी ती मान अगदीच किरकोळ ठरते. खेळण्यातल्या पाणबुडीला मान-डोकं जोडून केलेला तो बनाव होता, हे १९९४ मध्ये उघड झालं. म्हणून कुणी अचाट आकाराचा फोटो दाखवला की मी आधी न कातरलेली प्रत मागते. पुष्कळदा ती ‘सापडत नाही’.

प्रश्न : नदीकाठी मिळालेल्या एका सुंदर दगडाचा फोटो सोबत आहे. दगड तिथंच राहिला. फोटोत दुसरं काही नाही, फक्त दगड आणि वाळू. हल्ली संगणक एवढं काय काय करतात, त्याची लांबी निघणार नाही का?

उत्तर : नाही. संगणक सुधारला तरीही नाही, आणि का नाही ते समजून घेण्यासारखं आहे.

कॅमेऱ्याला लांबी दिसत नाही, कोन दिसतो. दहा सेंटिमीटरचा दगड अर्ध्या मीटरवर आणि एक मीटरचा दगड पाच मीटरवर, दोन्ही फोटोत तंतोतंत सारखी जागा व्यापतात. फोटो जितका स्वच्छ तितका कोन अचूक, पण कोनावरून लांबी काढायला अंतर हवं, आणि अंतर हवं तर लांबी हवी. या दोहोंतलं एक बाहेरून आणावं लागतं. आमच्या नकाशांच्या कामातही तसंच होतं. दोन फोटोंवरून टेकडीचा आकार हुबेहूब उभा राहायचा, पण ती टेकडी आहे की वारूळ हे जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेले काही बिंदू भरल्याशिवाय यंत्राला सांगता यायचं नाही.

मग हल्लीचे फोन स्वतःच अंतर मोजून कसं दाखवतात? फोन हलवताना त्यातला त्वरणमापक, म्हणजे वेगातला बदल टिपणारा भाग, फोन किती सरकला ते नोंदवतो, आणि त्या सरकण्याची लांबी हीच बाहेरून आलेली पट्टी होते. काही फोन तर प्रकाशाचे झोत सोडून ते परत यायला लागणाऱ्या वेळावरून अंतर काढतात. पण हे सगळं त्या जागी, त्या क्षणी करायचं असतं. काढून झालेल्या एका फोटोतून ते मागाहून येत नाही.

चंद्रावर गेलेल्यांचीही हीच पंचाईत झाली होती. तिथं झाड नाही, घर नाही, आणि हवा नसल्यामुळे लांबचं धूसरही होत नाही. पृथ्वीवर लांबचा डोंगर फिकट दिसतो म्हणून आपल्याला तो लांब वाटतो. चंद्रावर सगळंच सारखं लख्ख. १९७१ मध्ये अपोलो १४ चे दोघे अंतराळवीर एका विवराची कड शोधत चढ चढले, कड सापडली नाही म्हणून परतले, आणि नंतर फोटो जुळवून पाहिल्यावर लक्षात आलं की ते कडेपासून जेमतेम तीस मीटरवर होते. पुढच्या वर्षी अपोलो १६ वाल्यांना जवळ वाटलेला एक खडक चालता चालता मोठाच होत गेला. शेवटी त्याचं नाव ‘घर-खडक’ पडलं.

त्या फोटोंवर बारीक काळ्या फुल्या दिसतात, त्या अनेकांना पट्टीसारख्या वाटतात. कॅमेऱ्यातल्या काचेवर त्या दहा-दहा मिलिमीटरवर कोरलेल्या होत्या. भिंगाची फोकल लांबी, म्हणजे भिंगापासून चित्र उमटतं तिथपर्यंतचं अंतर, साठ मिलिमीटर, म्हणून दोन फुल्यांमधली जागा भरणारी वस्तू ही तिच्या अंतराच्या साधारण एक षष्ठांश एवढी असते. पण अंतर किती, ते फुली सांगत नाही. म्हणून अंतराळवीर तीन पायांच्या घोडीवर मोकळी लोंबणारी, खुणा केलेली एक दांडी बरोबर नेत आणि खडकाशेजारी उभी करत. दांडीमुळे माप मिळे, उभी दिशा कळे, आणि सावलीवरून ऊन कुठून येतंय तेही कळे.

फोटोऐवजी चलच्चित्र असतं तर मी तुम्हाला थोडी मदत करू शकले असते. कारण पडणाऱ्या वस्तूला खोटं बोलता येत नाही. तीस मीटर उंचीवरून काही पडलं तर अडीच सेकंद लागतात, सव्वा मीटरवरून अर्धा सेकंद. पडद्यावरच्या ‘मनोऱ्या’वरून वीट अर्ध्या सेकंदात खाली आली, तर तो मनोरा तुमच्या छातीएवढा आहे. सिनेमावाल्यांना हे ठाऊक असतं. पंचवीसपट लहान नमुना पाडायचा तर ते पाचपट वेगानं, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी १२० चित्रं घेतात आणि नेहमीच्या वेगानं दाखवतात. पाण्यापुढे मात्र त्यांचंही चालत नाही. थेंब काही पंचवीसपट लहान होत नाही. जुन्या चित्रपटांतली बुडणारी जहाजं हौदातली वाटतात ती भल्यामोठ्या थेंबांमुळे.

तुमच्या दगडाजवळ वाळू आहे, पण वाळूचा कण अर्ध्या मिलिमीटरचाही असतो आणि दोन मिलिमीटरचाही, त्यामुळे उत्तरात चौपटीचा फरक पडेल. परत तिकडे गेलात, तर दगडाला टेकवून बँकेचं कार्ड ठेवा. ते सगळीकडे ८५.६ मिलिमीटर लांब असतं. नाण्यापेक्षा बरं, कारण नाणी देशागणिक बदलतात आणि पन्नास वर्षांनी कोणतं नाणं होतं तेच कळत नाही.

प्रश्न : एका पुस्तकात मुंगीच्या डोक्याचा फोटो आहे, खाली ‘१० पट’ लिहिलंय. तोच फोटो भिंतीवरच्या तक्त्यावर हातभर मोठा छापलाय, तिथंही ‘१० पट’. कोणता खरा?

उत्तर : एकच खरा असू शकतो, बहुधा एकही नाही. ‘इतके पट’ हे छापलेल्या आकाराबद्दल असतं. फोटो मोठा केला की ते विधान मोडतं, पण ओळ तशीच पुढे जाते. फोटोच्या आतच एका कोपऱ्यात ‘१ मिलिमीटर’ अशी रेघ ओढलेली असेल, तर फोटोबरोबर रेघही वाढते आणि कधीच चुकत नाही. प्रकाशकांना कळवा.

प्रश्न : घरातल्या जुन्या वस्तूंची फोटोंसह नोंद करायला घेतली आहे. पट्टी कुठे आणि कशी ठेवावी?

उत्तर : मी जिथं ठेवली होती तिथं सोडून कुठेही, असं म्हणणार होते.

संग्रहालयाचं काम सुरू केलं तेव्हा चाळीस मातीच्या भांड्यांचे फोटो मी अभिमानानं काढले. प्रत्येकापुढे टेबलावर पट्टी, कॅमेरा भांड्याच्या मध्यापासून साठ सेंटिमीटरवर. पट्टी भांड्याच्या मध्यापेक्षा पाच सेंटिमीटर पुढे. नोंदवही भरली, आणि मग कुणीतरी सहज एक भांडं हातात घेऊन टेप लावली. नोंद २२ सेंटिमीटर, टेपवर २४. एकतीस वर्षं उंच-सखल जमिनीमुळे फोटोचं प्रमाण कसं बदलतं हे नवशिक्यांना शिकवणारी मी, टेबलावरच्या पाच सेंटिमीटरला फसले. चाळीसही भांडी पुन्हा मांडली.

भांड्याची बाहेरची रेषा दिसते ती त्याच्या पोटाच्या सर्वांत फुगीर जागेची, आणि ती जागा कॅमेऱ्यापासून मध्याइतकीच लांब असते. पट्टी त्याच अंतरावर, भांड्याच्या बाजूला, ठोकळ्यावर उभी करा. थाळी किंवा दागिना सपाट ठेवलेला असेल तर पट्टी त्याच्या वरच्या पृष्ठभागाच्या पातळीला उचला, खाली कागदावर ठेवू नका. आणि कॅमेरा जितका मागे न्याल तितकी ही चूक आपोआप लहान होते. तीच पाच सेंटिमीटरची गफलत तीन मीटरवरून केली असती, तर २४ च्या जागी २३.६ आले असते. फोन वस्तूच्या नाकाशी नेऊन काढलेला फोटो मोजायला सगळ्यात वाईट. मागे जा आणि झूम करा.

गुन्हे-तपासात काटकोनात जोडलेली दुहाती पट्टी वापरतात, तिच्यावर वर्तुळं छापलेली असतात. फोटोत वर्तुळ लांबट दिसलं की कॅमेरा तिरका होता हे लगेच कळतं, आणि किती तिरका होता तेही काढता येतं. तुम्हाला एवढं लागणार नाही, पण आडवी आणि उभी अशा दोन पट्ट्या ठेवल्यात तर उत्तम.

पट्टी घरी छापणार असाल तर छापल्यावर धातूच्या फूटपट्टीशी ताडून बघा. छपाईयंत्राला ‘पानात बसवा’ असं सांगितलेलं असलं तर ते गुपचूप तीन-चार टक्क्यांनी आकसून छापतं, आणि मग दहा सेंटिमीटरची पट्टी साडेनऊच्या वरचीच असते. वस्तू फोटोच्या मधोमध ठेवा. रुंद भिंगात कडेच्या वस्तू ताणल्या जातात. गटाच्या फोटोत टोकाला उभे राहणारे उगाच आडवे दिसतात ते त्यामुळेच.

प्रश्न : मनोऱ्यामागून उगवलेला प्रचंड मोठा चंद्र फोटोंत दिसतो. माझ्या फोनमध्ये मात्र ठिपका येतो. ते फोटो जोडकाम केलेले असतात का?

उत्तर : काही असतात, पण सगळे नाहीत. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर आणि सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. भागाकार सुमारे ११० येतो. चंद्राची सगळी छायाचित्रण-विद्या या एका आकड्यात आहे. सेन्सरवर चंद्राचं चित्र भिंगाच्या फोकल लांबीच्या ११० व्या भागाएवढं पडतं. फोनचं मुख्य भिंग सहा मिलिमीटरच्या आसपासचं, म्हणून चंद्र मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा. ५०० मिलिमीटरच्या भिंगात तोच साडेचार मिलिमीटरचा होतो. चोवीस मिलिमीटर उंचीच्या चौकटीत तो साधारण पाचवा हिस्सा भरतो.

मनोऱ्याचंही तसंच. तो चंद्राएवढा दिसायला तुम्ही त्याच्या उंचीच्या ११० पट लांब असायला हवं. तीस मीटरचा मनोरा असेल तर ३३०० मीटर. कुणी तुम्हाला असा फोटो दाखवला तर मनोऱ्याची उंची विचारा, ११० नं गुणा, आणि तेवढ्या लांबून तो मनोरा दिसेल अशी मोकळी जागा नकाशावर आहे का ते बघा. समोरची टेकडी आड येत असेल, तर जोडकाम.